गाळातलं वजन

१७ एप्रिल, गुरुवार

पोचलो एकदाचा. नगरहून शेवगावची एसटी वेळेवर सुटली, खिडकीजवळ जागा मिळाली आणि शेवगावच्या स्टँडवर गनीभाई स्वतः पिकअप घेऊन उभे होते. लांबूनच ओरडले, "या मेस्त्री, या!" आमची कंपनी बंद पडल्यापासून दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवाही घरात बसूनच झाला. इतक्या महिन्यांत मला कुणी मेस्त्री म्हटलं नव्हतं. घरात सविता 'अहो' म्हणते, कॉलनीत सगळ्यांचा मी सहादेवकाका. बरं वाटलं.

जागा मोकळीढाकळी आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि नजर पोचेल तिथपर्यंत गाळ उघडा पडतो. काठाकाठानं शेतकऱ्यांनी टरबूज, काकडी लावली आहे. त्याच्या पलीकडे नुसता राखाडी सपाट गाळ, आणि त्याच्याही पलीकडे पाण्याची चकाकती रेघ. बगळे सोडले तर हलणारं काही नाही. उभा जन्म पत्र्याच्या शेडखाली काढलेला माणूस मी. एवढं आभाळ एकदम पाहिलं की काय करावं कळत नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसता उभा राहिलो.

माल असा आहे: इथे पूर्वी उपसा योजना होती. पाण्यावर तरंगणारा एक लोखंडी तराफा, दोन खोल्यांएवढा. त्यावर दोन मोठे पंप, मोटारी आणि कवेत न मावणारे पाईप. योजना बंद पडली, तराफ्याला भोकं पडली, तो बुडाला आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं गाळ बसत गेला. यंदा पाणी फार मागे गेलं म्हणून त्याची एक कड वर दिसली. गनीभाईंचा नगरला भंगाराचा धंदा. त्यांनी तो लिलावात घेतला. पाणी परत चढायच्या आत काढायचा, नाहीतर गेला. पोकलेन आणून पाहिला, तो काठाजवळच रुतला आणि त्यालाच काढायला दुसरा आणावा लागला. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं, कंपनीत जड यंत्रं हलवायचं काम मी केलेलं. काठावरच्या कडक जमिनीत विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं इंजिन, रोवायचा, तराफ्यावर लोखंड कापायचं आणि एकेक तुकडा तारेच्या दोरानं गाळावरून ओढून आणायचा. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे.

कामावर आम्ही चौघं. गनीभाईंचा पुतण्या अमीर गॅस कटर चालवतो. बोलणं कमी, हात साफ. कानिफनाथ आणि बनुबाई हे पाथर्डीकडचं ऊसतोडीचं जोडपं. साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसे गावी न जाता थेट इकडे आले. मुलं तिकडे आजीपाशी. कानिफनाथ दोर बांधायला गाळात उतरणार, बनुबाई स्वयंपाक आणि पडेल ते करणार. आज हुलग्याची शेंगुळी आणि ज्वारीची भाकरी होती. दोनदा मागून घेतली.

योजनेच्या ऑपरेटरची जुनी खोली मला मिळाली. पत्रे शाबूत, खाट आहे. शिफ्ट संपली की नोंद लिहायची सवय हाताला आहे, म्हणून ही वही बरोबर आणली. सविताला फोन केला. म्हटलं, काळजी करू नको, हवापालट समज.

२० एप्रिल, रविवार

सगळा वेळ पाया पक्का करण्यात गेला. विंच नुसता जमिनीवर ठेवला तर लोखंड विंचकडे यायच्या ऐवजी विंच लोखंडाकडे जातो. म्हणून खोल चर खणून त्यात बाभळीचा जाड ओंडका आडवा पुरला, ओंडक्याला साखळदंड, साखळदंडाला विंच. आता हत्ती लावला तरी हलायचा नाही.

मग गाळातली वाट. हा गाळ फसवा आहे. वर वाळलेली, भेगा पडलेली पापडी, खाली दही. बाभळीच्या फांद्या, त्यावर उसाचं पाचट, त्यावर फळ्या, असं करत करत तराफ्यापर्यंत गेलो. अमीर गमबूट घालून फळ्यांवरूनच येतो-जातो, पाय खाली टेकवत नाही. कानिफनाथ अनवाणी. त्याचं म्हणणं, बूट गाळात अडकतो, उघडा पाय सुटतो. खरं आहे.

काटकुळा माणूस, गालफडं बसलेली. पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रकमध्ये चढायची सवय, त्यामुळे तोल जबरदस्त. जेवताना सांगत होता की हंगामभर पहाटे उठायचं, गाडी आली तर रात्रीही उठायचं; सलग झोप कशी असते ते विसरायला झालंय. बनुबाई म्हणाल्या, झोपेचं काय एवढं, मेल्यावर माणूस झोपतोच. दोघंही हसले. चांगली माणसं आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार

पहिला पंप निघाला!

गाळात रुतलेलं लोखंड नुसतं स्वतःच्या वजनानं जड नसतं; गाळ त्याला धरून ठेवतो. आडदांडपणे ओढलं तर दोर तुटतो. नळीनं पाणी मारून खाली वाट करायची, दोर ताणून ठेवायचा आणि वाट बघायची. गाळ कंटाळला की सोडतो. आज दुपारी सोडलं. म्हैस चिखलातून पाय उपसते तसा आवाज झाला, पण केवढा तरी मोठा, बगळे उडाले. मग कडा वर वळवलेल्या जाड पत्र्यावर पंप बसवून घसरगाडीसारखा काठापर्यंत ओढून आणला. गनीभाई जिलेबी घेऊन आले.

एक झालं. पंप सुटला तेव्हा शेजारी उभा असलेला कानिफनाथ मांडीपर्यंत आत गेला. अमीरनं आणि बनुबाईंनी काखेत हात घालून त्याला फळीवर ओढला. मला वाटलं, घाबरला असेल. तर चेहरा एकदम शांत.

"आत लई निवांत हाय, मेस्त्री," म्हणाला. "पाय झोपल्यागत झालं."

जिलेबीला हात लावला नाही. विंचशेजारी टेकून बसला आणि तिथेच डोळा लागला. दिवसभर गाळ तुडवल्यावर कुणाचाही लागेल.

२८ एप्रिल, सोमवार

गनीभाई तणतणत आले. पंप आणि मोटार काट्यावर घातली तर वजन निम्म्याच्याही खाली भरलं. त्यांना आधी वाटलं काट्यात खोट आहे, म्हणून दुसऱ्या काट्यावर नेलं, तिथेही तेच. गंजानं पोखरलं म्हणाले. मी कापलेल्या कडा पाहिल्या आहेत. आत चकचकीत लोखंड आहे, कुठे भोक नाही की पोकळी नाही. त्यांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग वजन गेलं कुठे? 

ते गेल्यावर एक पाहिलं. दुसऱ्या पंपाची कापलेली फ्लँज, पाईप जोडायची जाड लोखंडी चकती, चुलीच्या वाटेत पडली होती. आम्ही तिघांनी जोर लावून उतरवलेली वस्तू. बनुबाईंनी ती एका हातानं उचलून बाजूला ठेवली. दुसऱ्या हातात तवा होता. ठेवल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या माझ्याकडे पाहून हसल्या. मी उचलून पाहिली. रंग लोखंडाचा, वाजवलं तर नाद लोखंडाचा. वजन रिकाम्या डब्याचं.

कानिफनाथ आज दोन वेळा उभ्या उभ्या झोपला.

३० एप्रिल, अक्षयतृतीया

सुट्टी घेतली. बनुबाईंनी घागर पुजली, आमरस-पोळ्या केल्या. कानिफनाथ जेवायला उठला नाही. खोलीत गारवा असतो म्हणून सकाळीच त्याला माझ्या खाटेवर निजवलं होतं. दुपारी लाकूड मोडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर खाटेचे पाय शेणानं सारवलेल्या जमिनीत वीतभर रुतलेले आणि मधली पट्टी मोडलेली. तो खाली पडला होता आणि तसाच झोपलेला होता.

अमीर आणि मी त्याला उचलून बाजूला घ्यायला गेलो. उचलेना. अमीरला वाटलं मी नीट धरलं नाही, मला वाटलं त्यानं. पुन्हा लावलं. त्याचा हात मी हातात घेतला. तोच काटकुळा हात, मनगटाची हाडं वर आलेली. पण तो हात वर उचलायला मला दोन्ही हात लावावे लागले. ऐरण उचलल्यासारखं वाटलं.

मग त्यालाच जाग आली. आपला आपण उठला, खाट मोडली म्हणून ओशाळला. "दमलोय मेस्त्री, दुसरं काय न्हाई." बाहेर चालत गेला. चालताना पायाखाली जमीन वाजत होती.

 आमरस गोड लागला नाही.

४ मे, रविवार

विंचच्या जागेवर जमीन कडक आहे. पहार मारली तर ठिणगी उडते. तिथे कानिफनाथच्या पावलांचे ठसे उठले आहेत. बोटं न् बोटं दिसतात, चार बोटं खोल.

मी गनीभाईंना स्पष्ट सांगितलं की याला दवाखान्यात न्या, आणि आता गाळात उतरवू नका. त्यांनी ऐकलं, माणूस वाईट नाही. पिकअपमधून शेवगावला नेलं. तो बसला तशी गाडी मागून खाली बसली, मोकळी असून. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाले, सलाईन लावलं. वजनकाट्यावर उभं केलं तर काटा गर्रकन फिरून शेवटाला जाऊन अडकला. नर्सबाई म्हणाल्या, मशीन बिघडलंय, आणि अंदाजानं पंचेचाळीस किलो लिहिलं.

संध्याकाळी परत आणलं; बनुबाई त्याचे पाय चेपत बसल्या आहेत. त्या म्हणतात, मांडीवर त्याचं डोकं घेता येत नाही.

माझ्या डोक्यात एकच येतं. पंपाचं वजन कुठेतरी गेलं. कुठे गेलं ते मला माहीत आहे असं वाटतं, आणि हे लिहिताना लाज वाटते, म्हातारा झाल्यासारखी. सविताला काही बोललो नाही.

७ मे, बुधवार

 आजच लिहून ठेवतो, कारण उद्या पोलिसांना सगळं नीट सांगावं लागेल.

दुपारी जेवणं झाली होती. कानिफनाथ लिंबाखाली निजलेला, बनुबाई भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा तो आमची वाट सोडून उघड्या गाळात बराच पुढे गेला होता. पळत नव्हता. शेतातून घरी परतणारा माणूस चालतो तसा चालत होता. हाक मारल्यावर वळून हातही केला. मग खाली बसला, आणि बसला तो कमरेपर्यंत आत गेला.

फळ्या तिथपर्यंत नव्हत्या. दोन पत्रे घेतले, एक टाकून दुसरा पुढे सरकवत मी गेलो. शेवटी पत्रा पुरेना म्हणून गाळात उतरलो. लोखंड उचलायचा रुंद पट्टा त्याच्या काखांखालून घेतला, दोर अडकवला. तोवर मी स्वतः मांडीपर्यंत आत होतो. खरं तेच लिहितो. बरं वाटलं. वर ऊन आग ओकत होतं आणि आत गार होतं, आणि गुडघ्यांचं इतक्या वर्षांचं दुखणं कुणी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं तसं गेलं. कानिफनाथ माझ्याकडे बघत होता.

"कळलं का?" म्हणाला.

मी पोटावर सरपटत पत्र्यावर आलो आणि परत फिरलो.

विंच मीच चालवला. हळू. दोर ताठ झाला, पुरलेला ओंडका करकरला. पंप ओढताना इंजिन असं रडलं नव्हतं. त्याचे खांदे वर आले, छाती वर आली. बाकीचा येईना. मग तो ओरडायला लागला. बनुबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"थांबू नगा, मेस्त्री. येतोय त्यो. थांबू नगा."

पट्टा त्याच्या अंगात रुतत चालला होता. मला दिसत होतं की आणखी ओढलं तर जे येईल ते अख्खं येणार नाही.

मी दांडा सोडला.

दोर सैल पडला. त्यानं झोपेत टाकतात तशी मान खांद्यावर टाकली आणि गेला. दोर त्याच्यामागे आत ओढला जायला लागला, विंचचा ढोल उलटा फिरायला लागला, ओंडका जमिनीतून वर येऊ लागला. तेव्हा अमीरनं गॅस लावून दोर तोडला.

८ मे, गुरुवार

पोलीस आले, पंचनामा झाला. नगरहून पथक आलं. बांबू घातले, गळ टाकले. बांबूला तळ लागत नाही. मला विचारलं, विंच का थांबवला. जे होतं ते सांगितलं. लिहून घेतलं. चौकशी होईपर्यंत इथेच राहा म्हणाले.

गनीभाई पिकअपमध्ये बसून रडले. म्हणाले, लोखंड जाऊ दे, मला काही नको. बनुबाईंचा भाऊ न्यायला आला होता. त्या गेल्या नाहीत. नवऱ्याची माती मिळाल्याशिवाय जायचं नाही म्हणतात. माझ्याशी बोलत नाहीत. पण दुपारी भाकरी आणून ठेवली.

खूप झोप येते.

११ मे

अमीरनं नवी खाट आणली होती. मोडली.

खोलीत आता जमिनीवरच निजतो. उठलो की माझ्या आकाराचा खड्डा पडलेला असतो. आधी खांद्यांचा, मग पाठीचा. पाय लावून बुजवला. बुजवताना पाय—

मी एकदाच उतरलो होतो. मांडीपर्यंतच.

१३ मे

पोलिसांनी जायला परवानगी दिली. शेवगावला जायची जीप थांबवली, मागच्या सीटवर बसलो. एकटाच होतो. मोठा रस्ता लागायच्या आत मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हर खाली वाकून बघत होता, म्हणत होता एवढं काय भरलंय. गाडीत काही नव्हतं. मी उतरून चालत परत आलो. किती वेळ लागला कळलं नाही. डांबर तापलेलं होतं. मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, पायाला कळत होतं.

सविताचा फोन. घरी या, घरी झोपा, मी बघते तुमच्याकडे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना आठवला. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं आठवली. म्हटलं, अजून थोडं काम आहे. ती म्हणाली, तुमचा आवाज कसा येतोय, विहिरीतून बोलल्यासारखा.

१५ मे

खोलीत राहता येत नाही. जमीन ओली व्हायला लागली आहे, कडक जमीन, जिथे मी बसतो तिथेच. जुन्या पंपघराचा काँक्रीटचा चौथरा आहे गाळाच्या कडेला. तिथे येऊन बसलो. काँक्रीट धरतं.

हात उचलून भाकरी तोंडात घालायची — एवढंच काम दिवसभराचं. तेही —

बनुबाई आज बोलल्या. लांब उभ्या राहून. म्हणाल्या, "तुमी थांबला नसता, तर निदान जाळाया तरी मिळाला असता." रागानं नाही. पाणी किती आणू विचारावं तसं. मग भाकरी बांबूनं पुढे सरकवली.

बोलायचं तर जीभही उचलावी लागते.

१६ मे

चौथऱ्याला चीर गेली. बारीक. गाळाच्या बाजूला.

अमीरनं सविताला सगळं सांगितलं. उद्या येते आहे. येऊ नको म्हणायला फोन उचलला — फोन हलका आहे, माझा हातच —

पाय आग आग होतात. समोर गाळ. वारा नाही तरी गार येतं तिथून.

१७ मे

ऊन डोक्यावर होतं. नुसते पाय. पाय गार करायचे आणि वर घ्यायचे, एवढंच. खरंच एवढंच ठरवलं होतं.

कमरेपर्यंत.

दुखत नाही. काहीच दुखत नाही. कितीतरी वर्षांत असं —

बनुबाईंनी पाहिलं. ओरडत रस्त्याकडे गेल्या, अमीर सविताला आणायला गेलाय. वही खिशात होती. लिहीत राहिलो तर डोळे मिटत नाहीत.

सविता आली. अमीरच्या मोटरसायकलवरून. काठावर उभी आहे, पदर डोक्यावर घेतलाय उन्हासाठी. पुढे यायला लागली. बनुबाईंनी दंडाला धरून ठेवलंय तिला. घट्ट धरा.

अमीर पत्र्यावरून आला, पट्टा लावून गेला. दोर जोडलाय त्यानं. पाय खाली टेकवला नाही. शहाणा आहे.

मी त्याला म्हणालो, राहू दे, दमलोय. विंच लावू नका म्हणालो. हे मी म्हणालो का? तोंडातून तेच येतंय. परत परत. सविताला ऐकू जातंय, रडते आहे ती.

इथपर्यंत त्यांचं बोलणं येतं. विंचवर बनुबाई उभ्या आहेत. मला ओरडून म्हणाल्या, "मेस्त्री, म्या थांबायची न्हाई." मग सविताला विचारलं. सवितानं मान हलवली, हो म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी हात करतोय, नको नको. हात करायला मी सांगितलं नाही हाताला.

मला घरी यायचंय. लिहून ठेवतो. सविता, मला घरी यायचंय.

छातीपर्यंत. वही डोक्यावर धरून —

इंजिन लागलं. दोर गाळातून वर येतोय, निथळतोय, ताठ —

मी ओरडेन. काहीही ओरडलो तरी ऐकू नको. थांबव म्हणालो तरी — बनुबाईंचा हात धरू नको, सविता, तू त्यांचा हात —